अपघर्षक (सुतारी हत्यारांच्या धारेसाठी)

पटाशी, रंध्याचे पाते, वाकस यांसारख्या हत्यारांची बोथटलेली धार घासून ताजी करण्यासाठी वापरला जाणारा, पोलादाहून कठीण कणांचा पदार्थ. तो दगड, पत्रा, कागद, चाक किंवा लेप अशा रूपांत मिळतो. दुकानात गिऱ्हाईक बहुधा आधी दगडाचा नंबर विचारते. खरे तर आधी पाहावे ते पात्याचे पोलाद.

पाणी दिलेले साधे कार्बन पोलाद जवळजवळ कोणत्याही दगडाला दाद देते. अमेरिकेतील अर्कान्सा राज्याच्या वॉशिटा डोंगरांत सापडणारा नोव्हाक्युलाइट हा दगड म्हणजे सूक्ष्म स्फटिकांचे क्वार्ट्झ. मोस मापावर त्याची कठिनता सुमारे ७. जुन्या कार्बन पोलादाच्या पटाश्यांवर तो सुरेख धार आणतो. पण डी-२ किंवा हाय-स्पीड पोलादातील क्रोमियम-व्हॅनेडियमची कार्बाइडे क्वार्ट्झपेक्षा कठीण असल्याने तेथे कितीही घासले तरी काम पुढे सरकत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडची कठिनता ९. निसर्गात तेच कुरुंद, आणि त्याचीच रत्ने माणिक व नीलम. क्रोमियम कार्बाइडाला ते पुरते, व्हॅनेडियम कार्बाइडापुढे मात्र तेही हरते. अशा पात्यांसाठी हिऱ्याची प्लेट घ्यावी. पैसे जास्त पडतात, पण वेळ आणि मनगट वाचते.

सिलिकॉन कार्बाइड एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत विजेच्या भट्टीत तयार केले आणि १८९३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ‘कार्बोरंडम’ हे त्याचे व्यापारी नाव. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू खरबरीत व दुसरी बारीक असलेला काळपट दगड बहुधा याचाच. त्याचे कण ठिसूळ असल्याने मोडून नवी टोके उघडी पडतात आणि दगड भरभर कापतो. चौकटीला खाच पाडायला त्याच्या बारीक बाजूची धार पुरते. रंध्याने सागाचा तलम छिलका काढायचा तर पुढे आणखी बारीक दगड हवा.

कणाइतकाच कण धरून ठेवणारा बंध महत्त्वाचा. जपानी पद्धतीच्या पाण्याच्या दगडांचा बंध मऊ असतो. झिजलेले कण सुटतात, चिखल होतो, काप वेगाने पडतो. पण दगडाला मधे लवकरच खोल पडते. खोल पडलेल्या दगडावर पटाशीची पाठ कधीच सपाट होत नाही, म्हणून जाड काचेवर चिकटवलेल्या काचकागदावर किंवा हिऱ्याच्या प्लेटवर तो वरचेवर सपाट करावा लागतो. ज्याला हा उपद्व्याप नको, त्याने तेलाचा कठीण दगड घ्यावा. तो सावकाश चालतो आणि रॉकेल किंवा पातळ तेल न वापरल्यास गुळगुळीत होऊन बसतो.

नंबरांचा गोंधळ वेगळाच. युरोपीय मापातील पी-१००० कागदाचे कण सरासरी सुमारे १८ मायक्रॉनचे, तर जपानी १००० नंबरच्या दगडाचे साधारण ११ ते १५ मायक्रॉनचे. म्हणून दोन वेगळ्या जातींची अपघर्षके घेताना नंबर जुळवू नयेत, मायक्रॉन जुळवावेत. नैसर्गिक दगडांची प्रत तर बरेचदा कणांच्या आकारापेक्षा दगडाच्या घट्टपणावरूनच ठरते.

हाती एकच चांगला दगड घ्यायचा असेल तर तो १००० च्या आसपासचा असावा. ८००० चा चकचकीत दगड आधी घेणे ही नवशिक्यांची हौस. धारेच्या उतारावर मार्करची शाई फासून पाते दोनदा दगडावरून फिरवावे. शाई फक्त टाचेकडची गेली, तर दगड टोकापर्यंत पोचलेलाच नाही. पोचला की पाठीमागे बारीक बर, म्हणजे धातूची वळलेली कोर, येतो आणि तो नखाला अडतो. पात्याच्या पूर्ण रुंदीभर बर लागल्याशिवाय पुढच्या दगडाकडे जाऊ नये.

धारेला खांडे पडलेले पाते ग्राइंडरच्या चाकावर घेतात. तेथे हिरा चालत नाही, कारण उष्णतेत त्यातला कार्बन लोखंडाशी प्रक्रिया करून झिजतो. त्याऐवजी १९५७ मध्ये तयार झालेले क्युबिक बोरॉन नायट्राइड वापरतात. साध्या कार्बन पोलादावर निळी झाक आली की त्या जागचे पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग घासून काढावाच लागतो.

शेवटी चामड्यावर हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचा लेप देऊन पाते उलट दिशेने ओढतात. त्याने उरलासुरला बर जातो. पण चामडे दबते, त्यामुळे जास्त ओढल्यास टोक गोलावते आणि पाते पुन्हा दगडावर न्यावे लागते.