१९५७ ची मुंबई विधानसभा निवडणूक : बहुमताचा भूगोल

द्वैभाषिक मुंबई राज्याची १९५७ मध्ये झालेली विधानसभा निवडणूक ही त्या राज्याची पहिली आणि शेवटचीच निवडणूक होय. तिचे स्थूल निकाल सर्वपरिचित आहेत. ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४, प्रजासमाजवादी पक्षाला ३६, शेतकरी कामगार पक्षाला ३१, कम्युनिस्ट पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांना प्रत्येकी १३ आणि जनसंघाला ४ जागा मिळाल्या. उरलेल्यांत बहुतेक अपक्ष होते. या कोष्टकावरून काँग्रेसने सत्ता निर्वेधपणे राखली असा निष्कर्ष कोणीही काढील, आणि तो अक्षरशः खोटाही ठरणार नाही. तथापि कोणत्या प्रदेशाच्या बळावर ही सत्ता राखली गेली, हा प्रश्न कोष्टकातून सुटत नाही, आणि पुढील तीन वर्षांच्या राजकारणाची किल्ली नेमकी त्याच प्रश्नात आहे.

प्रथम साधनांविषयी. अधिकृत निकालपत्रांत 'संयुक्त महाराष्ट्र समिती' नावाचा पक्षच आढळत नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यास स्थापन झालेली समिती ही अनेक पक्षांची आघाडी होती. तिचे उमेदवार निकालपत्रांत आपापल्या पक्षांच्या रकान्यांत विखुरले आहेत आणि कित्येक अपक्षांत जमा झाले आहेत. उलटपक्षी त्या पक्षांचा द्वैभाषिकात अन्यत्र निवडून आलेला सभासदही त्याच रकान्यात मोजला गेला आहे. त्यामुळे समितीचे बळ काढावयाचे तर मतदारसंघवार गणना करावी लागते. आणि अपक्षांपैकी कोण समितीचा पुरस्कृत व कोण केवळ सहानुभूतिदार हे ठरविताना अभ्यासकांचे आकडे थोडे मागेपुढे होतात. हे वैगुण्य गृहीत धरूनही मुख्य चित्र बदलत नाही. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसच्या वाट्याला जागांचा लहानसा हिस्साच उरला. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाड उत्तर मतदारसंघातून थोड्याच मतांनी निवडून आले. त्याच वेळी झालेल्या लोकसभा निवडणुकीत पुण्यास काकासाहेब गाडगीळ यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्याचा ना. ग. गोरे यांनी पराभव केला; साताऱ्यातून नाना पाटील, तर मुंबईतून श्री. अ. डांगे निवडून आले.

मग बहुमत आले कोठून? ते गुजरात-सौराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या प्रदेशांतून आले. गुजरातेतही द्वैभाषिकाविषयी रोष होताच. अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिक लोकसभेवर गेले ते त्याच रोषावर. परंतु महागुजरात जनता परिषदेला तेथे समितीचे यश लाभले नाही. विदर्भात स्वतंत्र राज्याची भावना प्रबळ असल्याने समितीची घोषणा तेथे तितकीशी रुजली नाही. सारांश, ज्या प्रदेशाने द्वैभाषिक सर्वांत तीव्रतेने नाकारले, त्याच्यावर इतर प्रदेशांच्या सभासदसंख्येच्या आधारे राज्य करावयाचे, अशी ही स्थिती होती. घटनेच्या दृष्टीने तीत काही गैर नव्हते. राजकीयदृष्ट्या मात्र चव्हाणांची अवस्था चमत्कारिक झाली. मराठी भाषिक मुख्यमंत्र्याच्या पाठीशी त्याच्याच मुलखातील पक्षाचे सभासद मोजके, आणि विरोधी बाकांवर मात्र एस. एम. जोशी, आचार्य अत्रे यांच्यासह त्या मुलखाचे बहुसंख्य प्रतिनिधी.

१९५२ शी तुलना करण्याचा मोह येथे आवरलेला बरा. त्या वर्षी काँग्रेसने ३१५ पैकी २६९ जागा जिंकल्या होत्या. पण ते राज्यच निराळे होते. त्यात कन्नड जिल्हे होते आणि विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ नव्हते. दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी मांडून 'घट' मोजणे शास्त्रशुद्ध नव्हे.

प्रस्तुत लेखकाच्या मते या निवडणुकीने सत्ताधारी पक्ष बदलला नाही. सत्ताधारी पक्षाच्या अंतर्गत कोणाचे म्हणणे ऐकले जाईल, ते बदलले. १९५६ मध्ये प्रांतिक नेतृत्वाने श्रेष्ठींचा निर्णय मान्य केला होता. १९५७ नंतर त्याच नेतृत्वाला, 'हा निर्णय राबविल्यास पुढील निवडणुकीत पक्ष उरणार नाही' असा युक्तिवाद आकड्यांनिशी करता येऊ लागला. समितीला सरकार बनविता आले नाही, पण चव्हाणांच्या हाती हा पुरावा तिनेच दिला. मुंबई महापालिकेतही त्याच वर्षी समितीचा जय झाल्याने तो अधिक बळकट झाला. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर पंतप्रधान नेहरूंसमोर समितीने केलेली निदर्शने प्रसिद्धच आहेत. श्रेष्ठींच्या मनावर त्यांचा परिणाम झाला असेल, परंतु जागांच्या हिशेबाचा परिणाम अधिक टिकाऊ होता, असे वाटते. १९५९ मध्ये इंदिरा गांधी पक्षाध्यक्ष असताना फेरविचारासाठी नऊ जणांची समिती नेमली गेली आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली.

विभाजन नवी निवडणूक न घेता झाले. ३९६ सभासदांपैकी १३२ गुजरातकडे व २६४ महाराष्ट्राकडे गेले. गुजरातची भर निघून गेल्यावर चव्हाण मंत्रिमंडळाचे बहुमत पूर्वीइतके ऐसपैस राहिले नाही. तरी ते सुरक्षित होते, कारण समितीला एकत्र बांधणारे सूत्रच त्या दिवशी संपले. तिचे घटक पक्ष वेगळ्या वाटांनी गेले. १९६२ मध्ये त्याच २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ मिळाल्या. शेतकरी कामगार पक्षास १५, प्रजासमाजवाद्यांस ९ आणि कम्युनिस्टांस ६.