चोरीचा मनीप्लांट आणि अळवाचं कूळ

मागच्या आषाढात सूनबाईने ऑनलाइन एक झाड मागवलं. खोका उघडला, कागदाचे बोळे बाजूला केले आणि आतून जांभळट काळ्या पानांचं रोप निघालं. चिठ्ठीवर नाव ‘ब्लॅक मॅजिक’, किंमत साडेचारशे रुपये. मी देठ पाहिला, पानाची शीर पाहिली आणि म्हटलं, “अगं, हे अळू आहे.” तिला वाटलं, सासूबाई थट्टा करताहेत. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं तरी घरात आपलं कोण ऐकतं! शेवटी कोलोकेशिया एस्क्युलेंटा हे नाव तिच्याच फोनवर काढून दाखवलं. त्यावर तिचा पहिला प्रश्न, “मग वड्या होतील?” प्रश्न अगदी रास्त होता. पण नर्सरीत त्यावर काय काय फवारलंय कोणास ठाऊक, म्हणून वड्यांचा बेत राहिला.

दापोलीकडच्या आमच्या आजोळी अळवाची जागा न्हाणीच्या मागे, जिथे सांडपाणी पडे तिथे. मुद्दाम असं कोणी लावलेलं आठवत नाही. काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं फदफद्याला, आणि ऋषिपंचमीच्या भाजीत दोन पानं हवीतच. तुळस मात्र पुढच्या अंगणात, वृंदावनात. तिला आजी आंघोळ करून, सोवळ्याने पाणी घाली. अळवाला आमच्या आंघोळीचंच पाणी. घराच्या आत झाड नव्हतं. माजघरात भर दुपारी चिमणी लावावी लागे, तिथे झाड जगणार कसं? आणि बाहेर चारी बाजूंनी हिरवं असताना ते आत आणायचं कशाला?

ही आत आणायची हौस थंड मुलखातली. तिच्या मागे एक काचेची बाटली आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना नेचांचा नाद, पण कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे टिकत नसत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोष पाहायला म्हणून थोड्या ओल्या मातीत घालून बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचं राहिलं बाजूला, त्या मातीतून नेचा उगवला आणि वरून पाणी न घालता जगला. आतली वाफ काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. वॉर्डसाहेबांनी मग काचेच्या पेट्याच करून घेतल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या आणि झाडं जिवंत पोचली. तोवर समुद्रप्रवासात खारं वारं लागून बहुतेक रोपं मरत. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा हिंदुस्थानात आणला तो याच पेट्यांतून. आणि उलट दिशेने, उष्ण जंगलांतली झाडं विलायती दिवाणखान्यांत जाऊन बसली.

त्यातली कुठली टिकली? जी मुळातच सावलीतली होती ती. मोठ्या वृक्षांच्या खाली, अर्ध्या अंधारात वाढायची सवय असलेली. आणि अशा झाडांत सगळ्यांत पुढे निघालं ते अळवाचं कूळ. आज कुठल्याही हौशी घरात जा. मेक्सिकोकडचा मॉन्स्टेरा, पूर्व आफ्रिकेतला झीझी (डच नर्सऱ्यांनी १९९६च्या सुमारास तो बाजारात आणला), फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, पीस लिली, अँथुरियम, मनीप्लांट. सगळे आपल्या अळवाचे, सुरणाचे आणि पावसाळ्यातल्या शेवळांचे भाऊबंद. खातरजमा करायची असेल तर पान चावून पाहा, म्हणजे खरं तर पाहू नका. घशाला जी खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची. आजी फदफद्यात चिंच घाले ती त्याचसाठी. माझ्या मते या सगळ्या फॅशनचं सार एवढंच: फ्लॅटमध्ये अंगणही गेलं, परसही गेलं, उन्हाची तुळस गॅलरीच्या ग्रिलमध्ये कशीबशी तग धरते आणि परसातल्या अळवाचे पाहुणे सोफ्याशेजारी थाटात बसतात.

आमच्याकडे ही वाट मुंबईतून आली. अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३०ची. तिची बाग शिवडीला होती. तिथे पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली आणि १८६२ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आपली राणीची बाग, उघडली. पुण्याची एम्प्रेस गार्डन याच संस्थेकडे, आणि जानेवारीतलं तिथलं पुष्पप्रदर्शन अजून चुकवू नये असं. साहेबांच्या व्हरांड्यातले क्रोटन आणि पाम आधी श्रीमंतांच्या बंगल्यांत गेले, मग बऱ्याच उशिराने आमच्या गिरगावातल्या चाळीत.

चाळीत कुंडी विकत घेणारा माणूस उधळ्या समजला जाई. डालडाचा पिवळा डबा खिळ्याने खाली तीन भोकं पाडून कठड्यावर बसवायचा. डब्यावर ताडाचं चित्र, आत तुळस. पाणी घातलं की खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या धोतरावर तांबडी धार, आणि मग भांडण. यावर उपाय म्हणूनच बहुधा मनीप्लांट आला. त्याला माती नको, ऊन नको. सरबताची रिकामी बाटली पुरे. आणि तो विकत घ्यायचा नाही, मागूनही आणायचा नाही. चोरूनच आणायचा, तरच पैसा येतो. आमच्या आईने आयुष्यात एकच चोरी केली. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या दारातली दोन पेरांची फांदी, पदराआड. जोशीकाकूंनी ती दुसऱ्या चाळीतून आणली होती, तीही तशीच. पैसा कोणाकडेच आला नाही, वेल मात्र चारी मजल्यांवर पोचला.

पुढे शिकवायला लागल्यावर कळलं, की या रूढीला शास्त्राधार आहे. मनीप्लांट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाचा. लागवडीतला वेल आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ची. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारा त्याचा एक जनुक बिघडलेला आहे, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. फूल नाही, म्हणून बी नाही. माणसाने फांदी तोडून नेली तरच घरोघरचा त्याचा संसार पुढे चालतो.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. कॅमेरूनकडची ड्रॅसीना ‘लकी बांबू’ होऊन आली. ती ना बांबू, ना चिनी. तिच्या आणि मनीप्लांटच्या बाटल्यांतल्या शिळ्या पाण्यात एडिस डासांच्या अळ्या शोधत पालिकेची माणसं फिरू लागली. नासाच्या १९८९च्या अहवालावरून झाडं घरातली हवा शुद्ध करतात असं जो तो सांगू लागला. तो प्रयोग बंद पेटीतला होता. नेहमीच्या खोलीत तेवढा परिणाम हवा असेल तर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील, असा हिशोब २०१९ मध्ये मांडला गेला. मग माणसांना उभं राहायला जिन्यातच जागा. लॉकडाउनमध्ये तर कोथिंबीर न मिळणाऱ्या घरांतही मॉन्स्टेराच्या पानांचे फोटो हिंडत होते. रबर प्लांटची गंमत त्याहून मोठी. तो आपल्या ईशान्येचा. मेघालयातले जिवंत मुळांचे पूल त्याच्याच मुळांचे. विलायतेत जाऊन तो शोभेचा झाला, आणि आता परदेशी ऐटीच्या नावांनी परत येऊन आपल्यालाच विकला जातो.

सूनबाईचं ‘ब्लॅक मॅजिक’ आता बाथरूमच्या खिडकीत आहे. हॉलमध्ये रुसलं होतं, खिडकीत ओल मिळाल्यावर चार पानं फुटली. मनीप्लांट तुमच्याकडे नसेल तर विकत मात्र घेऊ नका. आईचाच वेल आहे, आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर. दुपारी दोन ते चार मी झोपलेली असते.