चेपॉकचा तो एकच विजय : कप्तान विजय हजारे

आजचा भाग चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतून. इथून बेल्स रोडनं चालत निघालं की थोड्याच वेळात चेपॉकचं स्टेडियम दिसतं. पदवी घेऊन मी याच शहरात लष्करी प्रशिक्षणाला आलो होतो, त्यामुळे हा भाग माझ्या पायाखालचा.

अमेरिकेतल्या माझ्या पुतण्यानं परवा विचारलं, "काका, क्वार्टरबॅकसारखा माणूस आपल्याकडे कोण?" त्यांच्या फुटबॉलमध्ये चाल सुरू झाली की चेंडू बहुतेक वेळा याच्या हातात येतो. फेकायचा की साथीदाराच्या हाती द्यायचा, हा निर्णय क्षणात घ्यायचा. आणि संघाच्या जय-पराजयाचा हिशेब याच्या नावावर लिहिला जातो. मी म्हटलं, आपल्याकडे हा हिशेब कप्तानाच्या नावावर लिहितात. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंचा हिशेब असा : १४ कसोटींत कप्तान, विजय फक्त १.

तो एक विजय इथलाच. फेब्रुवारी १९५२. भारत १९३२ पासून कसोटी खेळत होता, २४ सामने झाले होते, जिंकला एकही नव्हता. कानपूरची कसोटी हरून संघ मद्रासला आला तेव्हा मालिकेत इंग्लंड १-० नं पुढे. ऐन वेळी हेमू अधिकारी जखमी झाले. पुढे लेफ्टनंट कर्नल झालेले, आमच्या पेशाचे हेच ते अधिकारी. त्यांच्या जागी पॉली उम्रीगर आले.

६ फेब्रुवारीला सामना सुरू झाला आणि त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले. दुसऱ्या दिवशी खेळ झाला नाही. विनू मंकड यांनी ५५ धावांत ८ बळी घेतले, यष्टीमागून खोकन सेन यांनी त्यात चौघांना यष्टिचीत केलं. इंग्लंड २६६. मग पंकज रॉय १११, आणि ऐन वेळी आलेल्या उम्रीगरांचं पहिलं कसोटी शतक, नाबाद १३०. भारतानं ९ बाद ४५७ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात मंकड आणि गुलाम अहमद यांनी चार-चार बळी घेतले, इंग्लंड १८३. एक डाव ८ धावांनी विजय, मालिका १-१.

या डावात हजारेंच्या धावा किती? वीस!

हा माणूस फलंदाजीत कमी होता असं मात्र समजू नका. १९४८ साली ॲडलेडला लिंडवॉल-मिलरसमोर त्यांनी दोन्ही डावांत शतकं केली, ११६ आणि १४५. असं करणारे ते पहिले भारतीय. याच मालिकेत दिल्लीला नाबाद १६४ आणि मुंबईला १५५ काढल्या होत्या. मद्रासला त्यांची बॅट चालली नाही, पण संघ जिंकला.

चारच महिन्यांनी लीड्सला उलटं घडलं. दुसऱ्या डावात धावफलक शून्य, बाद चार. हजारे आले, ५६ काढल्या, दत्तू फडकरांबरोबर १०५ धावांची भागीदारी केली. सामना तरीही हरला, मालिकाही. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर कप्तानपद गेलं आणि कसोटीही संपली. ३० कसोटी, २१९२ धावा, ७ शतकं.

आता माझी गोष्ट. कंपनी कमांडर असताना माझ्या जवानांनी एक अवघड काम पार पाडलं. शाबासकी आली, त्यात त्यांची नावं होती, माझं नव्हतं. वर्षानुवर्षं ते सलत राहिलं. घरी बोललो नाही, पण मनातून गेलं नाही. निवृत्तीनंतर या सामन्याचा धावफलक वाचताना हजारेंच्या नावापुढच्या त्या वीस धावांवर नजर थांबली. नेत्याचं काम झालं की नाही, हे त्याच्या नावापुढच्या आकड्यावरून कळत नाही, हे तेव्हा उमगलं. त्या यादीत माझ्या जवानांची नावं होती, म्हणजे माझं काम झालं होतं.

हजारे २००४ साली बडोद्यात गेले. त्यांच्या नावाचा करंडक आज देशभर खेळला जातो. चेपॉकला आलात तर आत जाताना त्या वीस धावा आठवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.