एक स्वर, अनेक मुखे : गिटारच्या ध्वनिवर्धकाची कुळकथा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांचे, नाटकांचे आणि गणेशोत्सवांचे स्मरण व्हावे, हे उचितच होय. परंतु गेली पन्नास वर्षे आपल्या प्रत्येक कार्यक्रमास जो न चुकता हजर राहिला, त्या ध्वनिक्षेपकाविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आमचे शिक्षण कला शाखेचे आणि नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीतली. तथापि बदलीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी गेलो, तेथील मराठी मंडळात रंगमंचाच्या व्यवस्थेचे काम बहुधा आमच्याच वाट्यास आले. त्या अनुभवाच्या बळावर हे धाडस करीत आहोत.

आपल्या मंडळाच्या वाद्यवृंदात तरुणांनी विद्युत् गिटार आणली आणि त्याबरोबर एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : मागच्या रांगेत ऐकू जात नाही, तर आणखी एक स्पीकर जोडावा काय? प्रश्न दिसतो साधा. पण त्याचे चुकीचे उत्तर महागात पडते. आम्ही पूर्वी ज्या एका गावी होतो, तेथे गणेशोत्सवात भाड्याने आणलेल्या ध्वनिवर्धकाला माहितगार म्हणवणाऱ्या एका गृहस्थाने हाताला लागतील तितके कर्णे जोडून दिले. दुसरा अंक सुरू होताच जळका वास आला आणि उरलेले नाटक नटांना घसा ताणून पार पाडावे लागले. प्रेक्षकांतील वृद्धांना शेवटचा प्रवेश ऐकूच आला नाही. वर्षातून एकदाच मराठी नाटक पाहायला मिळणाऱ्या माणसांचे हे नुकसान लहान म्हणता येत नाही.

या शास्त्राचे मूळ गिटारीहूनही जुने आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली विद्युत्‌दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध ग्रंथरूपाने मांडला. पुढे १९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी आपल्या कर्ण्यातून सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोरील जनसमुदायास भाषण व संगीत ऐकविले. आज सर्वत्र दिसणारा कागदी शंकूचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली सिद्ध केला. चुंबकाच्या खाचेत तारेची कॉइल ठेवावी, तिच्यातून ध्वनीचा प्रवाह सोडावा, आणि तिने शंकूस मागेपुढे हलवावे, इतकीच ती युक्ती. शंभर वर्षे उलटली तरी तिचे तत्त्व बदललेले नाही.

त्या काळी गिटार हे वाद्यवृंदातले बिचारे वाद्य होते. पितळी वाद्यांच्या गजरात ते कोणास ऐकू येत नसे. १९३०च्या दशकात तारांखाली चुंबक बसवून तिला विद्युत्‌वाणी देण्यात आली, आणि १९३९ साली बेनी गुडमन यांच्या वृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णीय वादकाने गिटारीला सनई-ट्रंपेटच्या पंक्तीस बसविले. मात्र वाद्य मोठ्याने बोलू लागले तशी एकट्या स्पीकरची छाती अपुरी पडू लागली. जास्त शक्ती दिली की कॉइल तापे आणि जळे.

यावर कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी काढलेला मार्ग मोलाचा ठरला. त्यांचा 'बासमन' हा ध्वनिवर्धक १९५२ साली पंधरा इंची एकाच स्पीकरसह निघाला होता. १९५४-५५च्या सुमारास त्यांनी त्याऐवजी दहा इंची चार स्पीकर बसविले. ओझे चौघांत वाटले गेले, उष्णता विभागली, आणि चार शंकू मिळून अधिक हवा हलवू लागले. हे चारही स्पीकर प्रत्येकी ८ ओहमचे होते आणि समांतर जोडलेले होते. म्हणून त्यांचा एकत्रित रोध २ ओहम होई. ध्वनिवर्धकातील रोहित्रही त्याच मापाचे केलेले असे.

येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. वाचकांनी कंटाळू नये. शालेय भागाकारापलीकडे त्यात काही नाही. स्पीकर दोन रीतींनी जोडता येतात. एकाच्या शेपटास दुसऱ्याचे तोंड अशी जोडणी केली, तर ती एकसर. तिच्यात रोधांची बेरीज होते : ८ आणि ८ मिळून १६. दोघांची धन टोके एकत्र व ऋण टोके एकत्र बांधली, तर ती समांतर. तिच्यात दोन सारख्या स्पीकरांचा रोध निम्मा होतो : ८ चे ४. चार असतील तर दोन-दोनांच्या एकसर जोड्या करून त्या जोड्या समांतर जोडाव्यात. मग १६ ओहमचे चार स्पीकर मिळूनही रोध १६ ओहमच राहतो आणि प्रत्येकाच्या वाट्यास शक्तीचा चौथा हिस्सा येतो.

या चौथ्या हिश्श्याची कथा लंडनमध्ये घडली. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ढोलवादकाचे वाद्यांचे दुकान होते. १९६२ साली त्यांच्या कारागिरांनी फेंडरच्या बासमनचाच नमुना समोर ठेवून आपला ध्वनिवर्धक तयार केला. त्याची शक्ती दोन स्पीकरांना सोसेना, म्हणून सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची चार स्पीकर एका बंद पेटीत बसविण्यात आले. १९६५ साली 'द हू' या वृंदाचे पीट टाउनशेंड यांनी १०० वॅटचा ध्वनिवर्धक आणि आठ स्पीकरांची एकच पेटी मागितली. पेटी तयार झाली, पण ती उचलता उचलता हमाली करणाऱ्या सहकाऱ्यांचे कंबरडे मोडायची वेळ आली. अखेर तिचे दोन भाग करून एकावर एक ठेवण्यात आले, आणि पुढे जगभर गाजलेली ती काळी उतरंड जन्मास आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या शे मैदानात बीटल्सपुढे पंचावन्न हजारांहून अधिक श्रोते होते. १०० वॅटचे ध्वनिवर्धक असूनही चाहत्यांच्या किंकाळ्यांपुढे त्यांचे गाणे ऐकू येईना. १९७४ साली 'ग्रेटफुल डेड' या वृंदाने तर सुमारे सहाशे स्पीकरांची भिंतच रंगमंचामागे रचली. पण तीत प्रत्येक वाद्याला त्याचे स्वतंत्र ध्वनिवर्धक आणि स्वतंत्र स्पीकर दिले होते. नुसती संख्या वाढविणे आणि विचाराने वाढविणे यांतला फरक येथे स्पष्ट होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निर्वात नलिकांच्या ध्वनिवर्धकात नलिकांना काही हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो अवघ्या ८ ओहमचा. या दोघांची सोयरीक रोहित्र जुळविते. वेढ्यांचे प्रमाण २० ला १ असेल, तर २० चा वर्ग ४०० आणि ४०० गुणिले ८, म्हणजे ३२०० ओहम नलिकांना दिसतात. स्पीकरचा आकडा बदलला की हे सारे गणित बदलते. म्हणूनच मागच्या बाजूस ४, ८, १६ असे आकडे लिहिलेले असतात आणि जोडणीचा हिशेब त्यांपैकी एकाशी जुळलाच पाहिजे. नलिकांचा ध्वनिवर्धक स्पीकर न जोडता वाजविणे घातक, कारण रोहित्रात विद्युत्‌दाब बेसुमार चढतो. ट्रान्झिस्टरच्या ध्वनिवर्धकास उलट फार कमी ओहमचे भय असते; समांतर स्पीकर वाढवीत गेलो की प्रवाह वाढत वाढत त्याचे काळीज जाळतो.

आपल्या मंडपातील कर्ण्यांची रीत याहून निराळी. लांबलचक तारांसाठी तेथे १०० व्होल्टची वाहिनी वापरतात आणि प्रत्येक कर्ण्यापाशी लहान रोहित्र असते. तेथे ओहम मोजावे लागत नाहीत. सर्व कर्ण्यांच्या वॅटची बेरीज ध्वनिवर्धकाच्या क्षमतेबाहेर जाऊ न देणे पुरते. गिटारच्या पेटीला ही वाहिनी जोडू नये आणि कर्ण्यांच्या वाहिनीस गिटारची पेटी जोडू नये. दोन्ही घरे आपापल्या जागी चांगली आहेत.

आमच्या स्वयंसेवकांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, जोडणी करताना ध्वनिवर्धक बंद ठेवावा. दुसरी, सारख्या ओहमचे स्पीकर जोडावेत, म्हणजे ओझे सारखे वाटले जाते. तिसरी, धन-ऋण पाहावे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला असता सर्व शंकू एकाच दिशेस हलले पाहिजेत. एक जरी उलटा असेल, तरी त्याने शेजाऱ्याचा खर्ज गिळलाच म्हणून समजावे. चौथी, गिटारची पडदेदार बारीक तार स्पीकरला लावू नये. तेथे जाड दुपदरी तारच हवी.

एकसर जोडणीत एक स्पीकर तुटला की सारी रांग मुकी होते. समांतर जोडणीत एक गेला तरी दुसरा बोलत राहतो, मात्र त्याच्यावर भार अधिक पडतो. परमुलखातल्या मंडळाचेही असेच आहे. कोणाची बदली होते, कोणी निवृत्त होऊन गावी परततो, आणि राहिलेल्या चारदोन घरांवर सगळ्या कार्याचे ओझे येते. ते सोसण्याची ताकद त्यांच्यात आहे की नाही, हे आधीच पाहावे लागते.

अखेरीस एक विनंती. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात खुल्या जागी ध्वनिक्षेपकास सामान्यतः मनाई केली आहे, आणि ज्या वस्तीने आपणांस पन्नास वर्षे सामावून घेतले, तिच्या झोपेचाही आपणावर हक्क आहे. ज्येष्ठांनी गिटारीस नाक मुरडू नये. त्यांच्या तरुणपणी हार्मोनियमलाही नाक मुरडणारे होतेच. तरुणांनी स्पीकर जरूर वाढवावेत, पण आधी पेटीच्या मागचा आकडा वाचावा, कागदावर बेरीज-भागाकार करावा आणि मगच तार जोडावी. यंदाच्या उत्सवात शेवटच्या रांगेतील आजींना नाटकाचा शेवटचा प्रवेश नीट ऐकू आला, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.