लघुरूप आज्ञांची निवृत्ती : ‘सॉर्ट +1’चा धडा

कळफलकावरून संगणकाला लेखी आज्ञा देताना तिला जोडल्या जाणाऱ्या सूचनांना ‘पर्याय’ म्हणतात. त्यांतील जुनी संक्षिप्त रूपे काढून टाकण्यापूर्वी ती ‘त्याज्य’ म्हणून जाहीर करण्याची प्रथा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याज्य रूप तत्काळ बंद पडत नाही. मात्र नव्या लेखनात ते वापरू नये, असा त्याचा अर्थ होतो.

युनिक्स परंपरेतील ‘सॉर्ट’ ही आज्ञा याचे ठळक उदाहरण होय. तिच्यात ‘+1’ लिहिल्यास पहिला स्तंभ सोडून दुसऱ्यापासून क्रम लावला जाई. पॉझिक्स या मानकाने 1992 मध्ये हे रूप अस्तंगत होणारे ठरविले आणि 2001 च्या आवृत्तीत वगळले. त्याजागी ‘-के 2’ आले. नव्या नियमानुसार ‘+1’ हे फाईलचे नाव ठरले. ‘टेल +10’ या आज्ञेच्या वाट्यालाही हेच आले. तिचे नवे रूप ‘टेल -एन +10’ असे आहे.

समजा, सुरतेतील एका कापडपेढीत बिलांची यादी व्यापाऱ्यांच्या नावांनुसार लावून नव्या फाईलमध्ये साठविण्याचे काम जुन्या ‘सॉर्ट +1’वर चालते. प्रणाली बदलताच संगणक ‘+1’ नावाची फाईल शोधू लागेल. ती नसल्यास नवी यादी कोरी राहील. योगायोगाने असल्यास तिच्यातील मजकूर बिलांत मिसळेल. पहिली चूक निदान लक्षात येते, दुसरी सहज निसटते.

पुढे 2008 च्या पॉझिक्सने जुना किंवा नवा, कोणताही अर्थ स्वीकारण्याची मुभा दिली. परिणामी एकच आज्ञा दोन संगणकांवर भिन्न वागू शकते. जीएनयू कोअरयुटिल्समध्ये मानकाचे वर्ष निवडणारी एक व्यवस्था आहे. तीत 199209 हे मूल्य दिल्यास जुना अर्थ पुन्हा लागू होतो. तथापि हा तात्पुरता आधार होय.

दीर्घ पर्यायांची अर्धवट रूपेही अशीच फसवी असतात. ‘व्हर्जन’ आणि ‘व्हर्बोज’ हे दोन्ही पर्याय असलेल्या प्रणालीत केवळ आरंभीची समान अक्षरे दिल्यास कोणता अभिप्रेत आहे हे ठरत नाही. पायथनच्या ‘आर्गपार्स’मध्ये अशी रूपे नाकारण्याची सोय 3.5 आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

लघुरूपे हाताने आज्ञा देताना सोयीची असतात. वर्षानुवर्षे आपोआप चालणाऱ्या कामांत मात्र पर्यायाचे पूर्ण व मानकसंमत रूपच लिहावे. लघुरूप काढणाऱ्यानेही आधी इशारा द्यावा, पर्यायी रूप सांगावे आणि त्याच चिन्हाला लगेच नवा अर्थ देणे टाळावे.