रक्तातला विळा



विळा म्हटला की आपल्याला कापणी आठवते. पण काही माणसांच्या रक्तातही विळा असतो, हे जगाला कळायला १९१० साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताची हकिगत प्रसिद्ध केली. तांबड्या पेशी असायच्या गोल चकतीसारख्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसल्या विळ्यासारख्या वाकलेल्या. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. मग अंगात रक्त कमी पडते आणि सांधे व हाडे असह्य ठणकतात.

हे का होते? १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, दोष रक्तातल्या हिमोग्लोबीनमध्येच आहे. पुढे १९५६-५७ साली केंब्रिज येथे व्हर्नन इनग्रॅम यांनी तो नेमका हुडकून काढला. हिमोग्लोबीनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला सहावा दुवा तेवढा बदललेला! आणि तो का बदलला? तर डी. एन. ए. मधल्या मजकुरात एकच अक्षर बदलले म्हणून.

अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. डी. एन. ए. चा हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनी वाचला जातो. शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर लिहावे : ‘बबन गवत उपट.’ आता ‘प’ पुसून ‘ल’ लिहा. ‘बबन गवत उलट.’ एक अक्षर बदलले, अर्थ फिरला. आता मूळ वाक्यातला दुसरा ‘ब’ पुसा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा : ‘बनग वतउ पट.’ सगळाच घोटाळा! अक्षर गळणे किंवा जादा घुसणे हे बदलण्याहून बहुधा अधिक घातक, ते यामुळेच.

कधी अक्षर नव्हे, गुणसूत्राचा मोठा तुकडाच तुटतो, उलटा बसतो किंवा दुसरीकडे चिकटतो. कधी आख्खे गुणसूत्र जादा येते. माणसात गुणसूत्रे ४६. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत ती ४७ असल्याचे १९५९ साली पॅरिसच्या संशोधकांनी दाखविले.

पेशी दुभंगताना हा सारा मजकूर नकलून घेतला जातो. नक्कल करताना चूक व्हायचीच! बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. एखादी राहून जाते. क्ष-किरणांनी अशा चुका वाढतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवरील प्रयोगांतून दाखविले. काही रसायने, तंबाखूचा धूर आणि उन्हातले अतिनील किरणही डी. एन. ए. ला इजा करतात. मात्र कातडीत किंवा फुप्फुसात झालेला बदल मुलाबाळांत उतरत नाही, बीजपेशींतला उतरतो.

विळ्याचा हा बदल हजारो वर्षांपूर्वीचा. तो टिकला कसा? ज्याच्याजवळ या जनुकाची एकच प्रत असते, त्याला तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. असा माणूस बहुधा निरोगीच असतो. त्याला वाहक म्हणतात. पण आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक असते.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीत आढळला. आपल्याकडे विदर्भात आणि सातपुड्याच्या आदिवासी भागात तो बऱ्याच घरांत आहे. त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. तेव्हा मंडळी, मूल आजारी निघाले म्हणून सुनेला बोल लावू नका, करणी-ग्रहणाचे नाव घेऊ नका. एक प्रत आईकडून येते, तशीच एक बापाकडून. लग्नाआधी कुंडली पाहता ना? मग दोघांचे रक्तही तपासून घ्या.