‘बाय’ बटण दाबलं, पैसेही गेले. पण ते गाणं खरंच तुमच्या मालकीचं झालं का?

एक सोपा प्रश्न. तुम्ही दुकानातून कॅसेट किंवा सीडी विकत आणली, तर ती कोणाची? तुमची. ती मित्राला द्या, जुन्या बाजारात विका, नाहीतर मुलांसाठी जपून ठेवा. कंपनी विचारायला येत नाही.

आता दुसरा प्रश्न. मोबाईलवर पैसे भरून गाणं, ई-बुक किंवा गेम ‘बाय’ केलं, तर ते कोणाचं?

तुम्ही म्हणाल, “माझंच की! पैसे मी भरलेत.” पण बहुतेक वेळा कागदोपत्री उत्तर वेगळं असतं. तुम्ही वस्तू घेतलेली नसते, ती वापरायची परवानगी घेतलेली असते. या परवानगीलाच म्हणतात लायसन्स, म्हणजे परवाना.

यावरून सोशल मीडियावर अधूनमधून जोरदार भांडण पेटतं. एक गट म्हणतो, “पैसे देऊन मालकी मिळत नसेल, तर कॉपी करणं चोरी कशी?” दुसरा म्हणतो, “अटी न वाचता ‘आय अ‍ॅग्री’ कोणी दाबलं?” यात कोण बरोबर हे ठरवण्याआधी मुळात हा घोळ कुठून सुरू झाला ते बघूया.

८९ सेंटची कादंबरी

ही गोष्ट जाते थेट १९०८ सालात. अमेरिकेतल्या बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने आपल्या एका कादंबरीत सूचना छापली होती. एक डॉलरपेक्षा कमी किमतीत हे पुस्तक विकायला परवानगी नाही, कोणी विकलं तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने तेच पुस्तक ८९ सेंटला विकायला काढलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि प्रकाशक हरला.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. कॉपीराइटमुळे तुम्हाला पुस्तकाच्या प्रती काढण्याचा आणि त्या पहिल्यांदा विकण्याचा हक्क मिळतो. पण एकदा प्रत विकली की त्या प्रतीचं पुढे काय करायचं हे तुम्ही ठरवू शकत नाही. याला ‘फर्स्ट सेल’ म्हणजे पहिल्या विक्रीचा नियम म्हणतात.

भारतीय कॉपीराइट कायद्यातही पुस्तकांबाबत असंच आहे. बाजारात आधीच आलेल्या प्रतींवर पुन्हा हक्क सांगता येत नाही. म्हणून तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकांचे ढीग लागतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तक तुमचं होतं, पण त्यातला मजकूर तुमचा होत नाही. ते पुस्तक तुम्ही विकू शकता, पण त्याच्या हजार प्रती छापून विकू शकत नाही. पुढचा सगळा घोळ याच दोन गोष्टींच्या सरमिसळीतून झाला.

सॉफ्टवेअर कंपन्यांनी काढलेला मार्ग

सॉफ्टवेअर आलं तेव्हा कंपन्यांना वेगळीच भीती होती. पुस्तकाची झेरॉक्स काढायला वेळ लागतो, खर्च येतो, शिवाय ती मूळ पुस्तकासारखी दिसत नाही. सॉफ्टवेअरची कॉपी मात्र काही मिनिटांत होते आणि ती हुबेहूब असते.

मग कंपन्यांनी एक वाक्य आणलं. हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरायला दिलेलं आहे. विक्रीच झाली नाही, तर पहिल्या विक्रीचा नियम लागूच कसा होणार?

हा मुद्दा न्यायालयातही टिकला. ऑटोकॅड या सॉफ्टवेअरच्या जुन्या सीडी एका माणसाने ईबेवर विकायला ठेवल्या होत्या. ऑटोडेस्क कंपनीने हरकत घेतली. २०१० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्यांच्याकडून या सीडी आल्या ते त्यांचे मालक नव्हते, फक्त परवानाधारक होते. त्यामुळे त्या सीडी पुढे विकायचा हक्क त्यांना नव्हता.

गाण्यांना लागलं कुलूप

१९९९ मध्ये नॅपस्टर आलं आणि लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फुकटात गाणी घ्यायला लागले. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. पण लोकांना इंटरनेटवर गाणी हवी आहेत, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

एप्रिल २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्सचं दुकान उघडलं. एक गाणं ९९ सेंटला. पण या गाण्यांना डिजिटल कुलूप होतं. त्याला डीआरएम म्हणतात. ठरावीक कॉम्प्युटरवरच गाणं वाजणार, बाकी ठिकाणी नाही. म्हणजे सॉफ्टवेअरचा परवाना आता गाण्यावरही आला.

हे कुलूप लावण्याच्या नादात सगळ्यात मोठी फजिती झाली सोनी बीएमजीची.

२००५ मध्ये या कंपनीच्या काही सीडी विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये टाकल्या की एक प्रोग्रॅम गुपचूप इन्स्टॉल व्हायचा. तो स्वतःला असा लपवायचा की शोधूनही सापडू नये. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाला तो आपल्या कॉम्प्युटरवर सापडला आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याने ते जगासमोर मांडलं. काही दिवसांतच व्हायरस बनवणारे त्याच लपायच्या जागेचा वापर करायला लागले. शेवटी कंपनीला बाजारातून सीडी परत घ्याव्या लागल्या.

त्या सीडीसोबतच्या अटीही भन्नाट होत्या. मूळ सीडी तुमच्याकडे राहिली नाही, तर कॉम्प्युटरवरची गाणीही काढून टाकायची. म्हणजे घरात चोरी होऊन सीडी गेली, तर उरलेली गाणी तुम्ही स्वतःच्या हाताने डिलीट करायची!

यात अजून एक गंमत होती. कॉपीराइट वाचवायला बनवलेल्या या प्रोग्रॅममध्ये ‘लेम’ या मुक्त सॉफ्टवेअरचा कोड अभ्यासकांना सापडला, आणि तो वापरताना त्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातल्या अटी पाळल्याच नव्हत्या.

दुकान बंद, किल्ली गायब

कुलूप असलं की किल्ली लागते, आणि ही किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते. मग कंपनीनेच दुकान बंद केलं तर?

मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक हे याचं उदाहरण आहे. दुकान बंद झाल्यावर २००८ मध्ये कंपनीने सांगितलं की परवाने देणारे सर्व्हरही बंद होणार. म्हणजे तुम्ही नवा कॉम्प्युटर घेतला, तर विकत घेतलेली गाणी त्यावर वाजणार नाहीत. ग्राहक खवळले आणि कंपनीला मुदत वाढवावी लागली.

२००९ मध्ये ॲमेझॉनने तर लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली. ज्याने ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, हे कारण होतं. पैसे परत दिले, पण वाचकांना न विचारता पुस्तकं गायब झाली. त्यातलं एक पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’. सत्ताधारी जुनी कागदपत्रं नष्ट करतात, अशी गोष्ट सांगणारी हीच ती कादंबरी. नंतर ॲमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकचं दुकान बंद केलं, तेव्हाही लोकांची पुस्तकं गेली. पैसे परत मिळाले, हे खरं. पण पेपरमध्ये गुंडाळून आणलेलं पुस्तक दुकानदार पैसे परत देऊन घरातून उचलून नेऊ शकतो का?

जुनी फाइल विकता येते का?

रिडिजी नावाच्या अमेरिकन कंपनीने हा प्रयोग करून बघितला. तुम्ही आयट्यून्सवरून घेतलेलं गाणं त्यांच्याकडे विकायचं आणि तुमच्या कॉम्प्युटरवरून ते पुसलं जायचं. कॅपिटल रेकॉर्ड्सने खटला भरला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की फाइल पाठवताना तिची नवी प्रत तयार होते आणि प्रत काढायचा हक्क कंपनीचा आहे. रिडिजी हरली.

युरोपात २०१२ मध्ये याच्या उलट निकाल लागला होता. कायमचा परवाना घेऊन डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर पुढे विकता येईल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओरॅकलच्या प्रकरणात म्हटलं. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-बुकला ही सवलत नाकारली.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. जुनी कॅसेट घासते, पुस्तकाची पानं सुटतात. फाइल मात्र वीस वर्षांनीही नवीकोरी असते. अशा जुन्या फाइल स्वस्तात मिळायला लागल्या तर नवीन कोण घेणार, आणि गायक-गीतकारांना पैसे कुठून मिळणार? हा प्रश्न खोटा नाही.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

आपण आता गाणी विकत घेण्याऐवजी ॲपवर ऐकतो. इथे तर दोन परवाने असतात. एक तुमचा आणि ॲपचा, दुसरा ॲपचा आणि संगीत कंपनीचा. दुसरा तुटला की पहिला असून उपयोग नाही.

विंक म्युझिक आणि टिप्स यांच्यात हेच झालं. वाटाघाटी फिसकटल्या तेव्हा विंकने कॉपीराइट कायद्यातल्या कलम ३१-ड चा आधार घेतला. या कलमानुसार प्रसारण करणाऱ्यांना ठरवून दिलेली रॉयल्टी भरून, मालकाची वेगळी संमती न घेता गाणी वाजवता येतात. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हे कलम रेडिओ आणि टीव्हीसाठी आहे, इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला ते लागू होत नाही. म्हणजे गाणं दाखवायचं तर ॲपने कंपनीशी करार करायलाच हवा.

मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिकचा करार जमला नाही, तेव्हा झी म्युझिकची गाणी लोकांच्या प्लेलिस्टमधून गेली. पुढे २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिकच बंद करायचं ठरवलं. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणंही त्या ॲपच्या बाहेर वाजत नाही, हे इथे लक्षात घ्या. सबस्क्रिप्शन संपलं की ते डाउनलोडही संपतं.

मग कुलूपच तोडलं तर? २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात कलम ६५-अ आलं. कॉपीराइट भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे “मालकी नाही, तर चोरीही नाही” हा युक्तिवाद मीमसाठी ठीक आहे, कोर्टात तो कामाचा नाही.

परवाना म्हणजे नेहमी बेडीच का?

नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी हाच कायदा उलटा फिरवला. त्यांनी १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. तो म्हणतो, सॉफ्टवेअर वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. अट एवढीच की ते पुढे वाटताना समोरच्यालाही हेच हक्क द्या. लिनक्सचा गाभा याच परवान्यावर चालतो, आणि तुमचा अँड्रॉइड फोन त्या गाभ्यावर. मराठी विकिपीडियावरचे लेखही अशाच विचाराच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात.

म्हणजे दोष परवान्याचा नाही. त्यात काय लिहिलंय आणि ते ग्राहकाला आधी सांगितलंय का, हा खरा प्रश्न आहे. भाड्याच्या घरात राहण्यात काही वाईट नाही. पण भाडेकराराला खरेदीखत म्हणून हातात दिलं, तर ती फसवणूकच.

कॅलिफोर्निया राज्याने नेमकी हीच गोष्ट पकडली. १ जानेवारी २०२५ पासून तिथे नवा कायदा लागू झाला. फक्त परवाना देत असाल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘बाय’ किंवा ‘पर्चेस’ असा शब्द वापरता येत नाही. कायमची डाउनलोड करून ठेवता येणारी फाइल देत असाल, तर हे बंधन नाही. गेम विकणाऱ्या स्टीमने तर ऑक्टोबर २०२४ मध्येच पैसे भरायच्या पानावर ‘तुम्ही परवाना घेत आहात’ अशी सूचना टाकली.

तुम्ही काय करू शकता?

पैसे भरण्याआधी एकच गोष्ट तपासा. फाइल हातात मिळणार आहे की फक्त ॲपमध्ये दिसणार आहे? बँडकॅम्पसारख्या ठिकाणी बिनकुलपाची फाइल मिळते. आयट्यून्सची गाणीही २००९ पासून बिनकुलपाची आहेत. अशी फाइल घेतली की लगेच हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा. कंपनी बंद पडली तरी ती वाजत राहील.

खूप आवडतं पुस्तक किंवा अल्बम असेल आणि छापील प्रत किंवा सीडी मिळत असेल, तर ती घ्या.

आणि घरच्यांचाही विचार करा. ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय आहे. तुमच्यानंतर तुमचे फोटो आणि मेसेज त्या माणसाला मिळू शकतात. पण तुम्ही घेतलेली गाणी, सिनेमे आणि पुस्तकं त्यात येत नाहीत, कारण ती परवान्यावर दिलेली आहेत. फोटो वारसाला मिळतात, पण तुम्ही पैसे मोजून जमवलेली गाणी मात्र मिळत नाहीत.